सोलापुरांतील एक वस्त्रशाळा

आमच्या घरांत चौदा माणसें आहेत. त्यामुळें कोणताहि प्रश्न एकट्याचा राहात नाहीं. गेल्या दिवाळींत माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीनें, बारावीनंतर आपण पोशाखरचनेचें, म्हणजे ज्यास सर्व जग ‘फॅशन डिझाइन’ म्हणतें त्याचें, शिक्षण घेणार असें जेवतांना सर्वांदेखत सांगितलें, तेव्हां तो प्रश्न ओघानेंच चौदा जणांचा झाला. सासूबाई म्हणाल्या, “शिवणकाम आम्ही सगळ्याच घरांत शिकलों, त्याला चार वर्षं कशाला?” धाकट्या जावेला रडूं कोसळलें. मामंजींनीं मात्र हातांतला घांस खालीं ठेवला. त्यांनीं चाळीस वर्षें वकिली केली. पुरावा पुढें आल्याशिवाय निकाल न देण्याची त्यांची संवय जेवणाच्या पानावरहि सुटत नाहीं. “सूनबाई,” ते मला म्हणाले, “तुझ्या मामेबहिणीची मुलगी सोलापुरास हाच विषय शिकवते ना? संक्रांतीला तूं तिकडे जाणारच आहेस. चार दिवस तिच्या वर्गांत बैस, तिथं काय शिकवतात तें डोळ्यांनीं पाहा, आणि मग बोलूं.”

दिवाणी दाव्यांत जागेची पाहणी करण्यासाठीं न्यायालय कमिशनर नेमतें. तशी माझी नेमणूक झाली. निघतांना मामंजींनीं आणखी एक काम सांगितलें. “सोलापूर म्हटलं कीं आम्हां वकिलांना चादर आठवत नाहीं, चिरंजीतलालचा खटला आठवतो. त्या जुन्या गिरणीच्या गांवांत आतां काय उरलं आहे, तेंहि पाहून ये.”

पुण्याहून सोलापूर लोहमार्गानें अडीचशेंहून थोडें अधिक किलोमीटर. दौंड मागें पडलें कीं भिगवणच्या बाजूस उजनी धरणानें अडविलेलें भीमेचें पाणी दूरवर चमकूं लागतें. कुर्डुवाडीच्या पुढें काळी जमीन आणि कणसांवर आलेली रब्बीची ज्वारी. हा सर्व मुलूख आकाशाकडे पाहून पीक काढणारा. पावसानें दगा दिला कीं हातांस दुसरें काम हवें, आणि तें काम सोलापूरच्या बाजूस पिढ्यान् पिढ्या मागानें दिलें. १८६० सालीं येथें आगगाडी पोंचली. १८७७ सालीं मोरारजी गोकुळदास यांची कापडाची गिरणी सुरू झाली. लोक तिला पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले. मग लक्ष्मी, विष्णु, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या एकामागून एक उभ्या राहिल्या. हातमागावर व पुढें यंत्रमागावर बसलेला पद्मशाली समाज तेलंगणांतून आला. त्यामुळें या एका शहरांत आजहि मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बाजारांत, पुष्कळदां एकाच माणसाच्या तोंडीं, ऐकूं येतात.

मामंजींचा खटला याच जुन्या गिरणीचा. १९४९ सालीं गिरणी बंद पडली आणि हजारों कामगार उघड्यावर आले. पुढच्या वर्षीं सरकारनें खास कायदा करून गिरणीचा कारभार हातीं घेतला. एका भागीदारानें त्यास सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें. १९५० च्या निकालांत कायदा टिकला, पण १९५३ मध्यें दुसऱ्या एका भागीदाराच्या प्रकरणांत तोच कायदा अवैध ठरला. राज्यघटना शिकणारी मुलें आजहि ते निकाल वाचतात. वाचतांना त्यांच्या डोळ्यांपुढें समतेचा मूलभूत हक्क असतो. भोंगा न वाजलेली ती सकाळ क्वचितच कोणाच्या मनांत येत असेल. सोलापुरांतील या जुन्या गिरण्यांचे भोंगे आतां वाजत नाहींत. गांवांत हिंडतांना मात्र पत्ते अजून त्यांच्याच नांवानें सांगितले जातात.

मामेबहिणीच्या घरीं कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही असें सोलापुरी जेवण झालें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाचीबरोबर मी तिच्या वर्गांत गेलें.

एक लांब खोली, मधोमध कमरेइतक्या उंचीचें मोठें टेबल, त्यावर कातऱ्या, मापपट्ट्या, खडू आणि तपकिरी कागदाच्या गुंडाळ्या. भिंतीशीं शिवणयंत्रें. कोपऱ्यांत कापडानें मढविलेले चार मानवाकृती सांगाडे. विद्यार्थी सोळा, त्यांत तीन मुलगे. मी मागच्या बांकावर बसलें. मला वाटलें होतें, येथें चित्रपटांतील नट्यांचे झगे फळ्यावर काढून दाखवीत असतील. भाचीनें फळ्यावर एकच शब्द लिहिला होता : ‘कलेक्शन’. त्याखालीं प्रश्न : ‘हे सहा पोशाख एकाच घरचे आहेत हें कशावरून ओळखावें?’

या शब्दाचा अर्थ तिनें मला मधल्या सुटींत समजावून सांगितला. “मावशी, एक चांगला पोशाख कोणीहि शिंपी शिवील. आमच्या मुलांना एका कल्पनेंतून सहा पोशाख काढायचे असतात. एका घरांतलीं भावंडं असतात ना, कोणी उंच, कोणी ठेंगणं, पण नाक पाहिलं कीं कळतं, हीं एकाच घरचीं. तसं. सहाहि सारखे झाले तर तो गणवेश. सहाहि निराळे झाले तर जुना बाजार.” एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या मला हें उदाहरण तत्काळ पटलें.

पोशाख आधीं कल्पावा आणि गिऱ्हाइकानें मग त्यांतून निवड करावी, ही रीत फार जुनी नाहीं. पूर्वी गिऱ्हाइकानें सांगावें आणि शिंप्यानें शिवावें, असा क्रम सर्वत्र असे. १८५८ सालीं चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसानें पॅरिसमध्यें आपली पेढी काढली. स्वतः कल्पिलेले पोशाख तो जिवंत स्त्रियांच्या अंगावर घालून दाखवी, आणि राण्या-सरदारणींनीं त्यांतून निवड करावी असा पायंडा त्यानें पाडला. शिंपी कारागिराचा कलावंत झाला तो तेथें. आपल्या देशांत या शिक्षणासाठीं केंद्र सरकारनें वस्त्र मंत्रालयाच्या आधारानें १९८६ सालीं दिल्लीस राष्ट्रीय संस्था काढली. पुढें तिच्या शाखा झाल्या आणि हा अभ्यासक्रम हळूहळू सोलापूरसारख्या शहरांतील संस्थांतहि आला.

भाचीच्या वर्गाचें काम कार्तिकांत सुरू झालें होतें. त्याच्या सर्व पायऱ्या मीं विद्यार्थ्यांच्या वह्यांतून पाहिल्या. पहिल्या दिवशीं मुलांनीं मोबाइलवरून परदेशी पोशाखांचीं चित्रें उतरवून आणलीं होतीं. भाचीनें तीं सर्व गोळा करून कपाटांत ठेवलीं आणि सांगितलें, “आठ दिवस आपल्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत चालत या. जें दिसेल तें वहींत काढा. आठवलेलं नको, दिसलेलं हवं.” कोणी सिद्धेश्वराच्या तळ्यांतील देवळाची सावली काढली, कोणी भुईकोट किल्ल्याच्या तटाचे चिरे, कोणी मंगळवार पेठेंतील गोण्यांवरची शिवण. या निरीक्षणांतून प्रत्येकानें एक विषय निवडावयाचा. मग त्या विषयाचे रंग, पोत आणि आकार एका मोठ्या पुठ्ठ्यावर मांडावयाचे. त्यानंतर चाळीस-पन्नास लहान रेखाटनें, त्यांतून सहा. मग प्रत्येक पोशाखाचें मापानिशीं चित्र, शिवणी कोठें, बंद कोठें, खिसा किती खोल, हें सर्व दाखवून. कारण, भाची म्हणते त्याप्रमाणें, वहींतल्या चित्रांतली बाई नऊ डोक्यांइतकी उंच असते आणि खरी माणसें साडेसात डोक्यांचीं. शोभेचें चित्र काढणाऱ्यास ही दीड डोक्याची लबाडी चालते, कापणाऱ्यास चालत नाहीं.

यानंतर येतो मांजरपाट. आमच्या लहानपणीं गाद्यांच्या खोळींस आणि पिशव्यांस वापरलें जाणारें तें न धुतलेलें भरड कापड मी कित्येक वर्षांत पाहिलें नव्हतें. या खोलींत त्याचे तागेच्या तागे होते. प्रत्येक पोशाख प्रथम मांजरपाटांत शिवून माणसाच्या अंगावर घालून पाहावयाचा, चुका त्यावर पेन्सिलीनें लिहावयाच्या, उसवावयाचा, पुन्हा शिवावयाचा. कापड उभ्या धाग्यावर कापलें तर सरळ लोंबतें, तिरकें कापलें तर अंगाबरोबर वळतें आणि वेळीं ओघळतेंहि, हें मुलें येथें बोटांनीं शिकतात. एका मुलानें तीनदां उसवलेली बाही चौथ्यांदा मुंढ्याला जोडली तेव्हां त्याच्या कपाळावर घाम आला होता. आमच्या घरांत गणिताच्या अभ्यासाला जो मान आहे त्याहून कमी मानाचें असें त्या कामांत मला कांहीं दिसलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वर्ग शहराच्या पूर्व भागांतील एका मागावर गेला; मीहि गेलें. सोलापुरी चादर जन्मभर अंथरली-पांघरली, पण ती विणतांना पाहिली नव्हती. मागाच्या डोक्यावर जॅकार्डचें यंत्र बसविलेलें असतें आणि त्यावरून भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. पुठ्ठ्यास जेथें भोंक, तेथला उभा धागा उचलला जातो. जेथें भोंक नाहीं, तेथला खालीं राहातो. मधून धोटा जातो. फ्रान्समधील ल्यों शहरीं जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ सालीं ही युक्ति सिद्ध केली; भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांनीं यंत्रास आज्ञा द्यावी ही कल्पना पुढें चार्ल्स बॅबेजनें आपल्या गणनयंत्रासाठीं उचलली. म्हणजे आज मुलांच्या हातांतील संगणकाचा एक पूर्वज मागावर बसलेला आहे. चादर दुहेरी विणीची असते, म्हणून वर जो रंग फुलाचा तोच खालीं जमिनीचा होतो. मोर, वेल, चौकट यांचीं चित्रें आधीं चौकटींच्या कागदावर काढून एकेक घर मोजून पुठ्ठ्यावर उतरवावीं लागतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाराष्ट्रांतील अगदीं पहिल्या वस्तूंपैकीं ही चादर आहे. परंतु मागांचा खडखडाट असा कीं शेजारच्याशीं बोलणें म्हणजे कानाशीं तोंड नेणें; आणि हवेंत कापसाचा बारीक भुगा तरंगत होता. मुलांनीं तेथें नक्षी काढून घेतली. एक मुलगी मात्र दारांतच उभी होती. तिनें वही उघडली नाहीं.

परततांना भाचीनें मला तिची हकीकत सांगितली. ती पद्मशाली समाजांतील. वडील यंत्रमागावर कामाला, आई घरीं विड्या वळते. मार्गशीर्षांत भाचीनें सर्वांना सांगितलें होतें कीं संचांत एक तरी कापड सोलापूरचें असावें. तेव्हां ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, मला चादर नको. बाकीचे तिच्यावरचा मोर पाहतात. मी बाबांचा खोकला ऐकते. बारा तास उभं राहून ते घरीं येतात तेव्हां त्यांना कान देऊन ऐकूं येत नाहीं. त्याचं मी जाकीट शिवायचं आणि कोणी टाळ्या वाजवायच्या, हें मला जमणार नाहीं.”

“मग तूं काय म्हणालीस?” मीं विचारलें.

“मी काय म्हणणार, मावशी? माझा नियम चुकला होता. मीं तो मागं घेतला. पण तिला म्हटलं, नको काय तें कळलं. आतां हवं काय तें सांग. तिला त्याला पंधरा दिवस लागले.”

तिला काय हवें होतें तें तिच्या वहींत होतें. पानेंच्या पानें एकच चित्र : जमिनीवर बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपांत तंबाखू आणि कापलेलीं टेंभुर्णीचीं पानें, उजव्या हातांशीं कातरी. सोलापुरांत हजारों घरांत हें दृश्य आहे. हजार विड्या म्हणजे एका दिवसाचें काम, असा तेथील सर्वसाधारण हिशेब. मुलीनें आपल्या आईच्या पदराचें निरीक्षण केलें होतें : तो किती वेळां खांद्यावरून सरतो, किती वेळां कमरेंत खोंचला जातो, आणि तंबाखूची धूळ साडीच्या निऱ्यांत बसून तशीच स्वयंपाकघरांत, पाळण्यापाशीं कशी जाते. तिचे सहा पोशाख अशा सहा स्त्रियांसाठीं होते. सर्वांत धाकटी लग्नाची मुलगी, सर्वांत वडील तिची आजी. कोणास साडीवरून घालावयाचा सैल झगा, कोणास कुडता. पण सर्वांना मांडीवर बांधावयाचा, सोडून बाहेर झटकतां व निराळा धुतां येईल असा एक पट. त्याला तिनें नांव दिलें होतें ‘मांडपट’. भावंडांचें नाक तें हेंच.

तिसरा दिवस गड्ड्याचा. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेस सोलापूरकर ‘गड्डा’ म्हणतात. संक्रांतीच्या सुमारास सात उंच नंदीध्वज मिरवणुकीनें निघतात, योगिराजांनीं स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांस फेरी होते आणि तळ्याकांठच्या संमति कट्ट्यावर लक्षावधि लोकांच्या समक्ष अक्षतांचा सोहळा होतो. या दिवशीं नंदीध्वजधारक व भक्त पांढरी शुभ्र बाराबंदी घालतात. रस्ता दोन्ही अंगांनीं पांढरा होतो. आमच्या आजोबांच्या पेटींत एक बाराबंदी होती. आम्ही मुलें तिला हंसत असूं. भाचीनें विद्यार्थ्यांकडून तीच उलगडून मोजून घेतली होती. सरळ तुकडे, कातरीचा वांकडा घाव जवळजवळ नाहीं, कापडाची चिंधीहि वायां जात नाहीं. बटण नाहीं, काज नाहीं. बंद सैल-घट्ट केले कीं तीच बंडी बारीक माणसास आणि पोट सुटलेल्या माणसास सारखीच बसते. गर्दीत माझ्या शेजारीं उभी असलेली ती मुलगी मिरवणुकीकडे पाहात हळूच म्हणाली, “बाई, मीं मांडपटाचे बंद इथून घेतले. आमच्या आईची कंबर दर वर्षीं बदलते.”

चौथ्या दिवशीं तिची आई वर्गांत आली. एक हजार विड्यांचा रोज बुडवून ती आली होती, हें मला मागाहून कळलें. मांजरपाटाचा झगा तिला साडीवरून घातला. उभी असतांना तो सुरेख दिसला. मुलांनीं वाहवा केली. भाची म्हणाली, “आतां बसा.” बाई मांडी घालून बसली आणि तेलुगूंत कांहीं बोलली. मुलीचा चेहरा उतरला. “गुडघ्यावर ओढतो म्हणते. आणि कातरी घ्यायला हात पुढं केला कीं काखेंत कचतो.” दोन महिन्यांचें काम त्या एका वाक्यानें मागें गेलें. भाचीनें सांत्वन केलें नाहीं. खडू तिच्या हातांत दिला. मग मुलीनें आईच्या अंगावरच खुणा केल्या, काखेंत चौबगला घालावयाचें ठरलें, खालच्या घेरांत दोन कळ्या वाढल्या. जुन्या अंगरख्यांत आणि झबल्यांत चौबगला असे, हें मला ठाऊक होतें. तो हाताला वाव देण्यासाठीं असतो हें मात्र मला त्या दिवशीं कळलें.

संध्याकाळीं खर्चाचा तास होता. प्रत्येकानें कापड, सूत, शिलाई, वेळ यांचा हिशेब मांडावयाचा. भाचीनें त्या मुलीला रुपये विचारले नाहींत. “हा झगा आणि मांडपट तुझ्या आईला किती हजार विड्यांना पडेल?” मुलीनें हिशेब केला. बारा हजार. वर्गांत कोणी बोललें नाहीं. बारा दिवस विड्या वळून कोणती बाई कामाचा झगा घेईल? रात्रीं उशिरापर्यंत ती कागदावर तुकडे फिरवून मांडीत बसली. अस्तर गेलें, गळ्याची नक्षी गेली, झगाच काढून नुसता मांडपट व सैल बाह्यांची बंडी एवढेंच ठेवलें तर आंकडा पांच हजारांवर आला. नक्षी पुसतांना तिचे डोळे भरून आले होते. मीं भाचीस विचारलें, “एवढी तरी राहूं द्यायची होतीस.” ती म्हणाली, “मावशी, मीं काढायला सांगितली नाहीं. तिनं ठरवलं, कोणासाठीं शिवायचं तें.”

त्या रात्रीं मामेबहिणीशीं बोलत बसलें. शिवणें, विणणें, भरतकाम यांस आपल्या घरांत नेहमींच मान होता. पण तो हौसेला. त्याच कामाचे पैसे घेणारीस आपण शिवणवाली म्हटलें आणि तिला ओटीवरच बसविलें. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यांतील भानुमतीनें जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकून पोशाख कल्पिण्याचें काम पत्करलें, तेव्हां तें कोणाच्या घरच्या मुलीचें काम मानलें जात नव्हतें. भानू अथैया या नांवानें तिनें ‘गांधी’ चित्रपटासाठीं जॉन मोलो यांच्यासह पोशाखरचना केली आणि १९८३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळविलें. तें मिळविणारी ती पहिली भारतीय व्यक्ति. आणि त्या चित्रपटांतील पोशाख कोणते, तर पुष्कळसे साधे पंचे, धोतरें आणि खादीच्या साड्या. कोणत्या माणसाच्या अंगावर कोणतें कापड कसें बसावें, हें जाणण्याचीच ती किंमत होती. परंतु मामेबहीण व्यवहारी आहे. ती म्हणाली, “सगळ्या भानू अथैया होत नाहींत ग.” भाचीनेंहि तें मान्य केलें. तिचे पुष्कळसे विद्यार्थी सोलापूरच्या गणवेशांच्या धंद्यांत जातात. हा धंदा येथें चांगलाच वाढला आहे, आणि २०१७ सालीं शहरांत गणवेशांचें मोठें प्रदर्शनहि भरलें होतें. तेथें नमुने कापणें, मापें वाढविणें-कमी करणें, कापडाचा हिशेब ठेवणें हें काम असतें. नांव होत नाहीं, पगार मिळतो. कांहीं मुली लग्नानंतर सोडून देतात. हें सर्व मीं माझ्या टिपणांत लिहून घेतलें, कारण कमिशनरनें अनुकूल तेवढेंच लिहावयाचें नसतें.

पांचव्या दिवशीं निघण्यापूर्वीं निरोप घेण्यासाठीं वर्गांत गेलें. ती मुलगी भाचीपाशीं उभी होती. हातांत वर्तमानपत्रांत गुंडाळलेला तळहाताएवढा कापडाचा तुकडा होता. साधा, पांढरा, दाट विणीचा. मांडपटासाठीं बाजारांतील कोणतें कापड घ्यावें हें ठरेना, धूळ सर्वांत बसे. आदल्या रात्रीं तिनें प्रथमच वडिलांना विचारलें. ती त्यांच्या कानाशीं जाऊन मोठ्यानें बोलली तेव्हां ते उठले, दिव्याखालीं बसले आणि अर्धा तास बोलत राहिले : ढिल्या कापडांत धूळ शिरते, घट्ट कापडावरची झटकली कीं पडते; फणी बारीक घ्यायची, बाणा ठासून भरायचा, इंचास धागे इतके. जुन्या कामांतला जपून ठेवलेला हा नमुना त्यांनींच ट्रंकेंतून काढून दिला. “बाबांना इतकं येतं हें मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी कधीं विचारलंच नव्हतं.” चादर तिनें घेतली नाहीं ती नाहींच. भाचीनें तो तुकडा भिंगाखालीं ठेवला आणि सोळाहि जणांना धागे मोजावयास बोलाविलें.

घरीं आल्यावर रात्रीं जेवणें आटोपलीं आणि मीं माझा अहवाल सांगितला. मागाचा, मांजरपाटाचा, बारा हजारांचे पांच हजार झाले त्याचा. आणि गणवेशांच्या कारखान्यांचा, सोडून देणाऱ्या मुलींचाहि. सासूबाईंनीं चौबगल्याचें ऐकलें आणि म्हणाल्या, “तें मला येतं. तिला म्हणावं, माझ्याकडून शीक.” माझी पुतणी आजोबांच्या तोंडाकडे पाहात होती. मामंजींनीं दोन प्रश्न विचारले. पहिला, “सोळांतले किती मागाजवळ जाऊन बसले?” मीं सांगितलें, “सगळे.” दुसरा, “आणि आपली पोर सुटींत तसं बसेल का?” ती म्हणाली, “बसेन, आजोबा. पण मला अजून नीट ठाऊक नाहीं मला जमेल कीं नाहीं.”

“तें ठाऊक असतं तर शाळेची गरज काय होती?” मामंजी म्हणाले. त्यांनीं चष्मा काढला, घडी करून पेटींत ठेवला, आणि कांहीं वेळानें, जणूं पुढच्या तारखेचें काम नेमीत आहेत अशा आवाजांत, मला विचारलें, “सूनबाई, तो मांजरपाट पहिल्या वर्षाला साधारण किती मीटर लागतो?”